आधी झड बघा, मग खुर्च्या घ्या

मुळशीत हौसेनं घर बांधलेली माणसं भेटली की पहिल्या एक-दोन पावसाळ्यांच्या नुकसानीचा विषय निघतोच. आमच्या खात्यावर वेताचा सोफा, फोमच्या गाद्या आणि काचेचं टेबल आहे. सोफा आणि गाद्या बुरशीनं खाल्ल्या. टेबलाची काच शाबूत राहिली, पाय गंजून गेले. विकताना सगळं ‘आउटडोअर’चंच म्हणून विकलं होतं, आणि कोथरूडच्या बाल्कनीत ते चाललंही असतं.

पण पुणे शहरात वर्षभराचा पाऊस सरासरी साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास, तर जुलै २०२४ मध्ये ताम्हिणी घाटात एका दिवसात ५५६ मिलिमीटरची नोंद झाली. पिरंगुट, पौड, मुळशी धरण, ताम्हिणी असं पश्चिमेला सरकावं तसा पाऊस चढत जातो. त्यामुळे पिरंगुटच्या मित्राकडे टिकलेली खुर्ची धरणाकाठी टिकेलच असं नाही. विचारायचं तर आपल्याच गावातल्या माणसाला.

आम्हाला गवंड्यानं सांगितलं, “ताई, हितं पाऊस वरनं नाय येत, मावळतीकडनं येतो.” छप्पर कितीही भक्कम घाला, वाऱ्यासोबत आडवी झड आत येते आणि पडवीचा निम्मा भाग भिजवते. जुन्या घरांत पावसाळ्याआधी उघड्या बाजूला गवताकाडीचा आडोसा बांधत, तो उगाच नव्हे. तेव्हा बैठक शक्यतो पूर्वेला घ्या. पश्चिमेचाच देखावा हवा असेल तर छपराची वळचण तीन-चार फूट तरी पुढे काढा. छप्पर कौलांचं बरं. पत्र्याखाली जुलैत शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावं लागतं, आणि पावसात गप्पा मारायला म्हणून तर पडवी बांधलेली असते!

फर्निचर घेण्याआधी एक काम करा. जागा तयार झाली की जुलै महिनाभर ती तशीच रिकामी ठेवा आणि भर पावसात खडूनं ओल्या-कोरड्याची रेघ मारा. फर्निचर त्या रेघेच्या आत.

फरशी गुळगुळीत नको. खडबडीत शहाबादी घ्या, दर दहा फुटांना एक-दीड इंच उतार घराच्या बाहेरच्या बाजूला द्या. शेवाळ तरीही धरतंच. ताठ ब्रशनं घासत राहायचं, दुसरा उपाय नाही.

बसायला सगळ्यात उत्तम म्हणजे भिंतीलगत बांधलेला दगडी कट्टा. उंची सोळा ते अठरा इंच, वरच्या दगडाला पुढे किंचित उतार. तो गंजत नाही, कुजत नाही, वाऱ्यानं उडत नाही, आणि पाहुणे वाढले की चार माणसं जास्त मावतात. लाकूडच हवं तर सागवान. त्याला चकचकीत पॉलिश चढवू नका. तो थर तडकला की फटीतून पाणी शिरतं आणि लाकूड आतून काळं पडतं. दरवर्षी पावसाळा सरल्यावर लाकूड नीट वाळू द्यायचं आणि तेलाचा हात फिरवायचा. पायांची टोकं सर्वांत जास्त पाणी पितात, म्हणून त्यांच्याखाली रबर हवंच. बांबू घेताना तो कधी तोडला ते विचारा. तोडताना ज्यात पिष्ट जास्त असतं, त्याला भुंगेरा लागतो. खाली बारीक पिवळसर भुकटी पडलेली दिसली तर कारागिराची कितीही ओळख असो, उचलू नका.

गाद्या जूनच्या पहिल्या आठवड्यात घरात, दसऱ्यानंतर बाहेर. ‘पाण्यानं काही होत नाही’ म्हणून विकलेल्या गाद्याही मुळशीच्या दमटपणात आंबूस वास मारतात. चेन लावलेले अभ्रे शिवून घ्या, धुवायला काढता येतात.

बाहेरचे दिवे ‘आयपी ६५’ दर्जाचे, आणि त्या लायनीला ३० मिलीअँपिअरवर बंद पडणारं संरक्षक बटण वायरमनकडून बसवूनच घ्या. दिवे पिवळसर ठेवले तर किडे कमी येतात.

एका गोष्टीवर मात्र मी हट्टी आहे: जमिनीपासून वीतभर उचललेला लाकडी डेक नकोच. दिसायला देखणा, पण खालची पोकळी उंदरांना आवडते, आणि उंदरांमागे घोणस येते. करायचाच असेल तर खालच्या बाजू बारीक जाळीनं पक्क्या बंद करा, आणि चेंडू आत गेला तर मुलांना हात घालू देऊ नका.