तबकडीतले गाणे आणि मैफलीतले गाणे

चित्रपटातील एखादे गाणे किती मिनिटांचे आहे असे कोणी विचारले, तर घड्याळ लावून उत्तर देता येते. पण मैफलीत गायिल्या जाणाऱ्या गाण्याबद्दल हाच प्रश्न विचारला तर? गायक तोच, गाण्याचे बोल तेच, राग आणि तालही तोच. तरीसुद्धा वीस वर्षांच्या अंतराने ऐकलेली दोन गाणी सारखी नसतात. लांबी बदलते, लय बदलते, कधी पट्टीही बदलते. यांपैकी गायकाने मनाने केलेला बदल कोणता आणि यंत्राने आपल्यावर लादलेला बदल कोणता, हे ओळखता येईल काय? आठवी-नववीचे पदार्थविज्ञान एवढ्यासाठी पुरेसे आहे.

आपण पुण्याच्या ओळखीचे उदाहरण घेऊ. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ (निधन १९३७) यांची भैरवीतील ‘जमुना के तीर’ ही ठुमरी तबकडीवर उपलब्ध आहे. खाँसाहेबांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व, आणि त्यांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी (१९२२-२०११). भीमसेनजींनीही ही ठुमरी मैफलींतून गायिली. गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली पुण्यात सुरू झालेला संगीत महोत्सव तर तुम्हांला ठाऊकच आहे. लहानपणी खाँसाहेबांची तबकडी ऐकून गदगचा हा मुलगा गुरूच्या शोधात घराबाहेर पडला, ही हकीकतही प्रसिद्ध आहे. म्हणजे आजोबा-गुरूंचे गाणे नातवापर्यंत प्रथम पोचले ते लाखेच्या एका काळ्या चकतीतून! त्या चकतीत मावत तरी किती होते?

हिशेब करून पाहू. त्या काळच्या दहा इंची तबकडीवर ध्वनीची खाच बाहेरून आत अशी सर्पिलाकार कोरलेली असे. खाचेसाठी त्रिज्येवर सुमारे ७ सेंटिमीटर रुंदीचा पट्टा मिळे आणि एका सेंटिमीटरमध्ये खाचेचे साधारण ४० फेरे बसत. म्हणजे एकूण फेरे झाले २८०. तबकडी मिनिटाला ७८ वेळा फिरते. २८० ला ७८ ने भागा. उत्तर येते सुमारे साडेतीन मिनिटे. बस्स! गायकाची प्रतिभा कितीही मोठी असो, सुई आतल्या कडेला पोचली की गाणे संपलेच पाहिजे.

आता हे संगीताच्या भाषेत मांडू. सोळा मात्रांचा ताल आणि मिनिटाला ८० मात्रा अशी लय धरली, तर साडेतीन मिनिटांत २८० मात्रा, म्हणजे तालाची साडेसतरा आवर्तने होतात. एवढ्यात मुखडा, अंतरा, थोडा विस्तार आणि शेवट! वीस मिनिटे मिळाली तर त्याच लयीत शंभर आवर्तने होतील. तबकडीवरचे गाणे हा मैफलीतल्या गाण्याचा आटवलेला अर्क असतो, आणि तो ऐकून शिकणाऱ्याला त्यात पुन्हा पाणी घालून नव्हे, तर स्वतःचे काही घालून तो वाढवावा लागतो. मुखडा आणि सम हा सांगाडा पक्का राहतो. सांगाड्यामधली जागा कशी भरायची हे गायक त्या त्या दिवशी ठरवतो.

अमेरिकेत १९४८ साली दीर्घवादन तबकडी आली. तिची खाच बारीक होती आणि फेरे मिनिटाला ३३⅓. पट्टा ८ सेंटिमीटरचा आणि सेंटिमीटरला ९० फेरे धरून हिशेब तुम्हीच करा. वीस मिनिटांच्या पुढचे उत्तर येईल. ही कोंडी काही आपल्याच संगीताची नव्हती. तिकडच्या ग्रेटफुल डेड या रॉक वाद्यवृंदाचे ‘डार्क स्टार’ हे गाणे १९६८ मध्ये छोट्या तबकडीवर आले तेव्हा जेमतेम पावणेतीन मिनिटांचे होते. पुढच्याच वर्षी निघालेल्या ‘लाइव्ह/डेड’ या संचात त्याचे रंगमंचावरील रूप आहे. ते २३ मिनिटांचे असून दीर्घवादन तबकडीची एक संपूर्ण बाजू त्यानेच व्यापली आहे.

लांबीचा प्रश्न असा सोपा आहे. पट्टीचा मात्र फसवा आहे, आणि जाणते रसिकही येथे चकतात.

समजा, जुनी तबकडी ऐकताना गायकाचा षड्ज उंच लागला आणि नंतरच्या काळातील मैफलीच्या ध्वनिफितीत तो खाली आला. वय वाढले म्हणून पट्टी उतरली, असे आपण चटकन म्हणतो. ते खरे असू शकते, कारण उतारवयात पुष्कळ गायक पट्टी खाली घेतात. शिवाय ध्वनिक्षेपक नव्हते तेव्हा मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची तीव्रता चौथाईवर येई. शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचे तर उंच, टोकदार आवाज सोयीचा होता. पण तिसरेही एक कारण संभवते. जुन्या सगळ्याच तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांनी मुद्रित होत नसत. मुद्रण ७४ फेऱ्यांनी झाले आणि आपण ती ७८ ने वाजवली, तर प्रत्येक स्वराची कंप्रता ७८/७४ म्हणजे १.०५४ पट होते. शेजारच्या दोन स्वरांमधील, म्हणजे काळी एक आणि पांढरी दोन यांमधील गुणोत्तर सुमारे १.०५९ असते. तेव्हा पट्टी जवळजवळ एक पायरी चढली! आणि तीन मिनिटांचे गाणे २ मिनिटे ५१ सेकंदांत संपले. गायकाचा यात काडीचाही संबंध नाही.

मग निवाडा कसा करायचा? यंत्राची गती चुकली तर पट्टी आणि लय दोन्ही एकाच गुणोत्तराने बदलतात. गायकाला असे बंधन नसते. समजा एका मुद्रणात षड्ज १३९ हर्ट्झ व लय मिनिटाला ६३ मात्रा आहे, आणि दुसऱ्यात १३१ हर्ट्झ व ४८ मात्रा. पहिले गुणोत्तर १.०६, दुसरे १.३१. येथे केवळ यंत्राला दोष देता येणार नाही, गायकानेच लय बदललेली आहे. पण दुसऱ्यात लय ५९.५ मात्रा निघाली, तर दोन्ही गुणोत्तरे १.०६ येतात आणि संशयाची सुई यंत्राकडे वळते. वळते एवढेच, सिद्ध काही होत नाही. योगायोगानेही असे घडू शकेल.

आणखी एक पुरावा गायकाच्या घशातच दडलेला आहे. स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची पोकळी प्रौढ पुरुषात सुमारे १७ सेंटिमीटर असते. एका टोकाला बंद असलेल्या नळीप्रमाणे तिचा पहिला अनुनाद ३४३ ÷ (४ × ०.१७), म्हणजे ५०० हर्ट्झच्या आसपास येतो. ‘आ’, ‘ई’, ‘ऊ’ म्हणताना जीभ आणि ओठ हे अनुनाद पुढेमागे सरकवतात, आणि त्यावरूनच आपण स्वर ओळखतो. गायकाने पट्टी उतरवली तरी त्याच्या पोकळीची लांबी काही बदलत नाही. यंत्र भरधाव धावले तर मात्र हे अनुनादही वर सरकतात आणि भारदस्त माणसाचा आवाज पोरकट वाटू लागतो. सराईत कान हे लगेच पकडतो. माझ्या मते सगळ्या कसोट्यांत ही अधिक भरवशाची.

मैफलीच्या ध्वनिफितीत कधी कधी वीजपुरवठ्याची गुणगुणही ऐकू येते. आपल्याकडे ती ५० हर्ट्झची किंवा तिच्या दुपटीची असते. ती ५२.५ वर आढळली तर फीत पाच टक्के वेगाने धावते आहे असे समजा. मात्र पूर्वी आपल्या विजेची कंप्रताच एखाददुसऱ्या हर्ट्झने खालीवर होत असे, तेव्हा एक-दोन टक्क्यांचा फरक सोडून द्यावा.

आता प्रयोग. एकाच गायकाच्या एकाच रचनेची दोन मुद्रणे निवडा. हल्ली मोबाइलवर कंप्रता दाखवणारी साधने फुकट मिळतात. त्याने तानपुऱ्याचा षड्ज मोजा, पण गाण्याच्या सुरुवातीचाच. डिसेंबरच्या रात्री मांडवातला गारवा वाढला की पोलादी तार आखडते. दहा अंश तापमान उतरले आणि तार पुन्हा जुळवली नाही, तर तिची कंप्रता दोन टक्क्यांपर्यंत चढू शकते. मग तालाची दहा आवर्तने मोजून त्यांना लागलेला वेळ टिपा आणि लय काढा. हे सुरुवातीला एकदा व शेवटाकडे एकदा करा, कारण मैफलीत लय सावकाश वाढत जाते. मुखडा किती वेळा आला तेही मोजा. एकाने ऐकावे, दुसऱ्याने घड्याळ धरावे, आणि प्रत्येक मोजणी तीनदा करावी.

वहीत मुद्रणाची तारीख लिहिताना सावध राहा. वेष्टनावर छापलेले वर्ष पुष्कळदा ध्वनिफीत किंवा तबकडी बाजारात आल्याचे असते. मैफल त्याच्या कितीतरी आधी झालेली असू शकते.