प्राणवायू वेगळा करणारे दाणे आणि त्यांची परीक्षा

सातमाळा डोंगररांगेच्या उत्तरेस, गिरणेच्या खोऱ्यात वसलेला कळवण तालुका कांद्यासाठी, चणकापूर धरणासाठी आणि सप्तशृंगगडासाठी सर्वपरिचित आहे. तालुक्यातील बरीच वस्ती आदिवासी असून डोंगरपाड्यांवर विखुरलेली आहे. जिल्ह्याचे ठिकाण येथून सुमारे पाऊणशे किलोमीटरवर आहे. अशा भागात रुग्णाला प्राणवायूची गरज भासली, तर भरलेले सिलिंडर घाटरस्त्याने येईपर्यंत वाट पाहावी लागणे म्हणजे काय, हे २०२१ सालच्या करोना साथीत सर्वांनीच अनुभवले. त्याच वर्षी २१ एप्रिल रोजी नाशिक शहरातील एका रुग्णालयात द्रवरूप प्राणवायूच्या टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. प्राणवायू दुरून आणण्याऐवजी रुग्णालयाच्या आवारातच हवेतून मिळवावा, हा विचार त्या दिवसांत देशभर बळावला.

या विचाराला व्यवहारात आणणारी संयंत्रे म्हणजे 'पी.एस.ए.' संयंत्रे होत. ७ ऑक्टोबर २०२१ पर्यंत पीएम केअर्स निधीतून देशात अशी १,२२४ संयंत्रे मंजूर झाली होती व त्यांपैकी १,१०० हून अधिक कार्यान्वित झाली होती. या संयंत्रांचा जीव असतो तो त्यांच्या मनोऱ्यांत भरलेल्या बारीक, पांढुरक्या दाण्यांत. हे दाणे कोणता वायू किती धरतात, हे आधी प्रयोगशाळेत मोजावे लागते. त्या मोजमापाची ओळख वाचकांना करून द्यावी, हा या लेखाचा हेतू आहे.

पृष्ठशोषण म्हणजे काय?

स्पंज पाणी पितो तेव्हा पाणी त्याच्या आत शिरते. कोळशाचा तुकडा मात्र दुर्गंधी ओढून घेतो तेव्हा वायूचे रेणू त्याच्या पृष्ठभागावर चिकटून राहतात. या दुसऱ्या क्रियेस पृष्ठशोषण किंवा अधिशोषण असे म्हणतात. औषधांच्या बाटलीतील सिलिका जेलची पुडी हवेतील ओल धरून ठेवते, तीही याच क्रियेने.

एवढ्याशा तुकड्यात इतका वायू मावतो कसा? याचे उत्तर आतील सूक्ष्म छिद्रांत आहे. चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅमचा अंतर्गत पृष्ठभाग सुमारे १,००० चौरस मीटर भरतो. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर चिमूटभर कोळशात दहा गुंठे जमीन दडलेली असते.

प्राणवायूच्या संयंत्रात कोळशाऐवजी झिओलाइट वापरतात. हे नाव आपल्या मातीला परके नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत सापडणारे स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट आदी झिओलाइटचे स्फटिक जगप्रसिद्ध आहेत. नाशिकजवळील पांडवलेणी परिसरातील खाणींतून असे स्फटिक निघाले असून सिन्नरच्या 'गारगोटी' संग्रहालयात ते पाहावयास मिळतात. स्वीडिश खनिजशास्त्रज्ञ क्रॉन्स्टेड याने १७५६ साली असा दगड तापविला असता तो उकळल्यासारखा फसफसला. त्याच्या छिद्रांतील पाणी बाहेर पडत होते. म्हणून त्याने त्यास 'उकळणारा दगड' या अर्थाचे झिओलाइट हे नाव दिले. संयंत्रांत मात्र कारखान्यात तयार केलेला कृत्रिम झिओलाइट वापरला जातो. पाण्याविषयीची त्याची ओढ मात्र तीच आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. तिचा संबंध पुढे येणारच आहे.

चाळणी की ओढ?

हवेत सुमारे ७८ टक्के नत्रवायू, २१ टक्के प्राणवायू आणि एक टक्क्याच्या आत आर्गॉन असतो. झिओलाइटला 'आण्विक चाळणी' म्हणतात, त्यामुळे लहान रेणू आत आणि मोठे बाहेर, असा समज होतो. येथे वापरल्या जाणाऱ्या झिओलाइटची दारे दोन्ही वायूंना पुरेशी मोठी असतात. फरक पडतो तो ओढीने. झिओलाइटमधील सोडियम किंवा लिथियमचे विद्युत्भारित कण नत्रवायूच्या रेणूस अधिक जोराने खेचतात. नेहमीच्या तापमानात व सारख्या दाबाखाली सोडियमयुक्त झिओलाइट प्राणवायूच्या साधारण तिप्पट नत्रवायू धरतो.

संयंत्रात दोन मनोरे असतात. एकात दाबाखाली हवा सोडली की दाणे नत्रवायू धरून ठेवतात आणि प्राणवायू पुढे निघून जातो. दाणे भरत आले, की हवा दुसऱ्या मनोऱ्याकडे वळवितात व पहिल्यातील दाब उतरवितात. दाब उतरताच धरलेला नत्रवायू सुटतो व दाणे पुन्हा कामास तयार होतात. आर्गॉन मात्र प्राणवायूबरोबरच राहतो, म्हणून या पद्धतीने मिळणाऱ्या प्राणवायूची शुद्धता ९३ टक्क्यांच्या आसपास असते.

एप्रिल २०२१ मध्ये मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने, टाटा कन्सल्टिंग इंजिनिअर्स व स्पॅनटेक इंजिनिअर्स यांच्या सहकार्याने, नत्रवायू तयार करणाऱ्या संयंत्रापासून प्राणवायू मिळवून दाखविला. त्यातील मुख्य बदल दाण्यांचा होता. कार्बनचे दाणे काढून तेथे झिओलाइट भरण्यात आला आणि ९३ ते ९६ टक्के शुद्धतेचा प्राणवायू मिळाला. दाणे बदलताच संयंत्राचे फळ बदलते, याहून बोलके उदाहरण कोणते?

मोजण्याच्या तीन रीती

पहिली रीत दाबाची. ज्ञात आकारमानाच्या दोन कुप्या झडपेने जोडलेल्या असतात. एकीत वायू, दुसरीत दाणे. दाणे आधी निर्वातात तापवून पूर्ण रिकामे केलेले असतात. रिकाम्या जागेचे आकारमान हेलियम सोडून मोजतात, कारण हेलियम दाण्यांना जवळजवळ चिकटतच नाही. झडप उघडली, की वायू पसरतो व दाब उतरतो. हिशेबाने जितका उतरावा त्याहून अधिक उतरला, तर तेवढा वायू दाण्यांनी धरला असे समजावे.

दुसरी रीत वजनाची. मॅकबेन व बक्र यांनी १९२६ साली क्वार्ट्‌झच्या नाजूक स्प्रिंगला पदार्थ टांगून, वायू धरल्यावर ती किती ताणली जाते हे मोजले. आज त्या जागी ग्रॅमचा दशलक्षांश भाग ओळखणारे तराजू आले आहेत. विहिरीत बुडालेली बादली जशी हलकी लागते, तसे दाट वायूत पदार्थाचे वजनही किंचित कमी भरते. ही तूट हिशेबात धरावी लागते.

या दोन्ही रीती एका वायूसाठी उत्तम आहेत. मिश्रण आले, की अडचण उभी राहते. तराजू एकूण भार सांगतो, त्यात कोणाचा वाटा किती हे सांगत नाही. म्हणून मिश्रणासाठी तिसरी, प्रवाहाची रीत अधिक उपयोगी पडते. दाण्यांनी भरलेल्या बारीक नळीतून मिश्रण ठरावीक वेगाने सोडतात आणि दुसऱ्या टोकाशी विश्लेषक यंत्र क्षणोक्षणी नोंद घेते. जो वायू कमी धरला जातो तो आधी बाहेर येतो, जास्त धरला जाणारा उशिरा. या क्षणाला तंत्रज्ञ 'ब्रेकथ्रू' म्हणतात. आत गेलेला व बाहेर आलेला वायू यांतील फरकावरून प्रत्येकाचा वाटा निघतो. वायू धरताना दाणे तापतात व तापलेले दाणे कमी वायू धरतात, म्हणून नळीचे तापमानही जागोजागी मोजले जाते.

वेगवेगळे मोजून बेरीज का करू नये?

कारण दाण्यांवरील जागा मर्यादित असतात. एस.टी.च्या गाडीत प्रवासी वाढले, की जागेसाठी चढाओढ होते. तसेच येथे होते, आणि बळकट दावेदार आधी बसलेल्यास उठवितो. एकेका वायूच्या मोजणीवरून मिश्रणाचे अनुमान करण्याची पद्धत मायर्स व प्राउस्निट्झ यांनी १९६५ साली मांडली. नत्र व प्राणवायूच्या जोडीस ती बरीच लागू पडते. परंतु पाण्याची वाफ मिसळली, की अनुमानावर विसंबता येत नाही. तेथे प्रत्यक्ष मोजणीच हवी.

पावसाळ्याचा हिशेब

आता कळवणच्या पावसाळ्याचा विचार करू. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या संपृक्त हवेत दर घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम पाणी असते. आर्द्रता ८० टक्के धरली, तर ते २४ ग्रॅम होते. मिनिटाला १,००० लिटर प्राणवायू देणाऱ्या संयंत्रास, मिनिटाला ५ लिटर या हिशेबाने, सुमारे १९० रुग्णांची गरज भागविता येते. असे संयंत्र मिनिटाला अंदाजे १० घनमीटर हवा घेते असे मानले, तर दिवसाकाठी त्या हवेबरोबर सुमारे ३४५ लिटर पाणी आत येते. म्हणजे पावणेदोन पिंपे!

यातील बहुतेक पाणी कॉम्प्रेसरनंतरच्या शीतकात व शुष्ककात निघून जावे अशी योजना असते. शुष्कक बिघडला, तर वाफ दाण्यांपर्यंत पोहोचते आणि नत्रवायूच्या जागा बळकावते. नत्रवायू दाब उतरताच सुटतो, परंतु पाणी तसे सुटत नाही. त्यासाठी दाणे दोन-तीनशे अंशांपर्यंत तापवावे लागतात आणि ती सोय संयंत्रात नसते. मनोरा बाहेरून जसाच्या तसा दिसतो, यंत्राचा आवाजही तोच राहतो, पण शुद्धता मात्र उतरत जाते. त्याची झळ खाटेवरील रुग्णास लागते.

म्हणून प्रयोगशाळेतील मोजणी आणि रुग्णालयातील देखभाल ही एकाच कामाची दोन टोके आहेत. पाण्याचा निचरा वेळेवर करणे, गाळण्या बदलणे, कॉम्प्रेसरचे तेल हवेत उतरू न देणे आणि शुद्धतादर्शकाची नोंद रोजच्या रोज वहीत करणे, ही कामे साधी आहेत. यातील शेवटचे सर्वांत महत्त्वाचे, कारण घसरण एका दिवसात दिसत नाही, ती महिन्याच्या आकड्यांत दिसते. साथ नसताना बंद ठेवलेले संयंत्रही नियमितपणे चालवून पाहिले पाहिजे.

साथ सरली, की यंत्रांचा विसर पडतो. ज्या पाड्यावरून रुग्णाला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते, तेथील माणसाला मात्र हा विसर परवडणारा नाही. दाण्यांनी किती वायू धरला हे प्रयोगशाळेने मोजले आहे. ते मोजमाप वर्षानुवर्षे खरे ठेवणे हे आपणा सर्वांचे काम आहे.