कान वाजतो : पैसे आधी कुठे घालायचे?

कान वाजण्यावर कुणाचे दोनशे रुपये खर्च होतात, कुणाचे लाखभर. लाखवाल्याला दोनशेवाल्यापेक्षा जास्त आराम पडतोच असं नाही. फरक पडतो तो पैसे कोणत्या क्रमाने खर्च केले यावर. कोकणातल्या दाभोळसारख्या बंदरगावात तर हा क्रम नीट लावायलाच हवा. इथून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायचं म्हणजे कामाचा दिवस बुडतो आणि प्रवासाचा खर्च होतो.

कुणी म्हणतं कानात रातकिडे ओरडतात, कुणी म्हणतं कुकरची शिट्टी अडकून बसलीय. डॉक्टर कागदावर ‘टिनिटस’ लिहितात. २०२२ साली ‘जामा न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात जगभरच्या पाहण्यांचा एकत्रित आढावा आला. त्यानुसार सुमारे १४ टक्के प्रौढांना कधी ना कधी असा आवाज येतो आणि साधारण २ टक्क्यांना तो फार छळतो. दाभोळच्या बंदरात ही तक्रार ऐकून कुणी चकित होणार नाही. डिझेल इंजिनाशेजारी वर्षानुवर्षं बसणारे खलाशी, लाकूड कापणारे, दगड फोडणारे, सगळ्यांचे कान यंत्रांनी खाल्लेले असतात.

आतल्या कानात शंखासारख्या वळणदार नळीत अतिशय नाजूक केसपेशी असतात. मोठा आवाज आणि वय त्यांना मारतं, आणि मेलेल्या पेशी माणसात परत उगवत नाहीत. तिकडून मेंदूकडे येणारे संदेश रोडावले की मेंदू आपली ऐकण्याची ताकद वाढवून बसतो. बाहेर काही नसताना ऐकू येणारा आवाज बहुतेकदा असा तयार होतो. तो बंद करणारी गोळी आज जगात कुठेही नाही. एवढं पक्कं ध्यानात ठेवलं तर निम्मा खर्च इथेच वाचेल.

एका प्रसंगात मात्र पैशांचा विचार करायचाच नाही. सकाळी उठलात आणि एका कानाने ऐकू येईनासं झालं, सोबत जोराचा आवाज सुरू झाला, तर ‘सर्दीने कान बसला असेल’ म्हणून चार दिवस वाट बघू नका. तीन दिवसांच्या आत ऐकणं असं एकाएकी घसरलं असेल तर ती तातडीची गोष्ट असते. स्टिरॉइडची औषधं पहिल्या काही दिवसांत सुरू झाली तर ऐकणं परत येण्याची आशा जास्त असते, दोन आठवड्यांनंतर ती फारच कमी होते. ही औषधं स्वस्त आहेत, महाग पडतो तो उशीर. एसटीची वेळ नसेल तर खासगी गाडी करा, पण त्याच दिवशी तज्ज्ञाला गाठा. कान वाजण्याबरोबर तोंड एका बाजूला वाकडं झालं किंवा उभं राहता येऊ नये अशी चक्कर आली, तरी हेच. आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल किंवा एकाच कानात असेल तर एवढी धावपळ नको, पण तपासणी टाळूही नका.

बाकीच्यांनी पहिली पायरी गावाजवळच चढावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा फॅमिली डॉक्टरांकडे कानात बॅटरी मारून बघून घ्या. कित्येकदा आत नुसता मळ घट्ट बसलेला असतो. तो मऊ करायचे थेंब शंभर-दीडशे रुपयांत मिळतात आणि चार-पाच दिवसांनी कान साफ करून घेतला की विषय संपतो. घरी कोमट तेल, हेअरपिन, कापसाची काडी यांतलं काही नको. पडद्याला भोक असेल तर तेलाने कान पिकतो आणि काडीने मळ आणखी आत सरकतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर, तपासण्या आणि उपचार मोफत आहेत, तेव्हा रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि थायरॉईडची चौकशीही तिथेच करा. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला. जेंटामायसिन, अमिकासिनची इंजेक्शनं, क्विनीन, कर्करोगावरचं सिस्प्लॅटिन, मोठ्या मात्रेतली अ‍ॅस्पिरिन यांनी कान वाजू शकतो. हृदयासाठी रोज घेतली जाणारी छोटी अ‍ॅस्पिरिन सहसा दोषी नसते, ती आपल्या मनाने बंद करू नका.

आवाज तरीही राहिला तर दुसरी पायरी तज्ज्ञाची. दापोलीला उपजिल्हा रुग्णालय आहे. कान-नाक-घशाचे डॉक्टर कोणत्या वारी असतात हे फोनवर विचारूनच निघा, नाहीतर फेरी फुकट जाते. खासगीत तालुक्याच्या ठिकाणी तपासणी फी साधारण तीनशे ते सातशे, पुण्या-मुंबईत आठशे ते दोन हजार धरा. दुसरा रस्ता खाडीपलीकडचा. फेरीबोटीने धोपाव्याला उतरून चिपळूणमार्गे सावर्ड्याजवळच्या डेरवणला जायचं. तिथल्या वालावलकर रुग्णालयाला वैद्यकीय महाविद्यालय जोडलेलं आहे, त्यामुळे तज्ज्ञ आणि कानाच्या चाचण्या एका छताखाली मिळतात. एसटीने जाणार असाल तर महिलांना निम्मं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्यांनाही निम्मं आणि ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना मोफत प्रवास आहे. आधारकार्ड विसरू नका.

या पायरीवरची खरी गरजेची तपासणी एकच, ऑडिओमेट्री. बंद खोलीत हेडफोन लावून, कोणत्या पट्टीतला केवढा आवाज ऐकू येतो ते नोंदवतात. खासगीत तीनशे ते हजार रुपये पडतात. मधल्या कानाचा दाब बघणारी टिम्पॅनोमेट्री सांगितली तर तेवढेच आणखी. इंजिनाने झिजलेल्या कानाचा आलेख बहुधा चार हजार हर्ट्झच्या आसपास खड्ड्यासारखा खाली जातो. बोलणं नीट ऐकू येत असतानाही तो खड्डा असू शकतो, म्हणून ‘मला ऐकायला येतं की’ म्हणून चाचणी टाळू नये. ती करायला नौकेवरून उतरून थेट जाऊ नका. मोठ्या आवाजातून आलेला कान काही तास बधिर असतो आणि आकडे खोटे येतात. निदान एक रात्र शांततेत जाऊ द्या. समुद्रावर जाणाऱ्यांनी पावसाळी मासेमारी बंदीचा काळ यासाठी राखून ठेवावा. कानही निवलेला असतो आणि रोजही बुडत नाही.

श्रवणयंत्राच्या दुकानात हीच चाचणी ‘फ्री’ असते. तिचे पैसे यंत्रात धरलेले असतात, बाकी काही नाही. केली तरी हरकत नाही, पण आलेखाचा कागद हातात घेतल्याशिवाय उठू नका आणि त्याच दिवशी यंत्र घेऊ नका.

एमआरआयची घाई बरेचदा रुग्णच करतात. खासगीत पाच ते बारा हजारांपर्यंत जाणारा हा खर्च दोन्ही कानांत सारखा आवाज आणि सारखं ऐकणं असणाऱ्याला सहसा लागत नाही. आवाज एकाच कानात असेल, दोन कानांच्या आलेखांत मोठा फरक असेल किंवा ठोक्यांसारखा आवाज असेल तर डॉक्टर सांगतील, आणि मग तो जरूर करावा.

आलेखात ऐकणं कमी निघालं असेल तर पैसे घालायची सर्वांत चांगली जागा श्रवणयंत्र. बाहेरचे आवाज नीट आत आले की मेंदूची ताणाताण कमी होते आणि कानातला आवाज मागे पडतो, निदान यंत्र लावलेलं असेपर्यंत. साधं, कानामागचं डिजिटल यंत्र दहा ते पंचवीस हजारांत मिळतं, मधलं तीस ते साठ हजारांत, आणि वर लाखाच्या पुढेही जातं. या किमती एका कानाच्या आहेत. यंत्रावर जीएसटी लागत नाही, बिलात लावला असेल तर विचारा. सेलवर चालणाऱ्या यंत्राला आठवड्या-दोन आठवड्यांनी नवा सेल लागतो, त्याचे वर्षाला हजार-दोन हजार धरून चला. ब्लूटूथ आणि मोबाइल अ‍ॅप असलेलं महाग यंत्र कान वाजण्यावर जास्त गुणकारी असतं असं नाही. घेण्याआधी आठवडाभर घरी वापरून बघायला मागा. नाही म्हणणाऱ्या दुकानात पैसे देऊ नयेत असं माझं मत आहे. खारी हवा यंत्राला मारते, म्हणून रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं आणि ते घालून बोटीवर जायचं नाही.

सरकारी मदतीचा हिशेब थोडा कटू आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये कान वाजणं हे दिव्यांगत्व धरलेलं नाही. दोन्ही कानांत ६० डेसिबलपासून पुढे नुकसान असेल तरच ‘ऐकू कमी येणारे’ या गटात बसता येतं. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल आणि उत्पन्न मर्यादेत असेल, तर केंद्राच्या ‘अ‍ॅडिप’ योजनेतून यंत्र मिळतं. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांपुढच्यांना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असल्यास, साहाय्यक साधनांसाठी ३,००० रुपये एकदा मिळतात. त्यांत श्रवणयंत्रही येतं, पण तेवढ्यात चांगलं यंत्र होत नाही. आरोग्य विम्याचा भरवसा धरू नका. बहुतेक पॉलिसींत ओपीडी आणि श्रवणयंत्र दोन्ही वगळलेली असतात. मुंबईला जाणं होत असेल तर वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था लक्षात ठेवा. १९८३ साली स्थापन झालेली ही केंद्र सरकारची संस्था ऐकण्या-बोलण्याच्या तक्रारींसाठीच आहे.

आता गोळ्या. जिंकगो, झिंक, ‘नसांची ताकद’, कानाचं टॉनिक असं महिन्याला पाचशे ते हजार रुपयांचं औषध वर्षभर घेणारे थोडे नाहीत. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत जिंकगो, मेलाटोनिन, झिंक आणि इतर पूरक गोळ्या कान वाजण्यासाठी सुचवू नयेत असं स्पष्ट म्हटलं. बी-१२ रक्तात कमी निघालं तर जरूर घ्यावं, एरवी नाही. महिन्याला हजार जात असतील तर त्या वर्षभराच्या पैशांत एका कानाचं साधं यंत्र येतं. बहिरेपणा बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या जादुई उपचारविरोधी कायद्याने गुन्हा आहे, मग ती खांबावर चिकटवलेली असो वा मोबाइलवर आलेली. फसलात तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर सांगा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करायला शुल्क नाही. त्यासाठी पक्कं बिल मात्र हवं.

रात्रीचा इलाज जवळजवळ फुकट आहे. पावसाळ्यात कौलांवरच्या सरी कानातला आवाज झाकून टाकतात. पाऊस गेला, वारा पडला की तोच आवाज वाढल्यासारखा वाटतो. अशा वेळी पंखा, हळू आवाजातला रेडिओ किंवा मोबाइलवर पावसाच्या आवाजाचं मोफत अ‍ॅप लावा. आवाज कानातल्यापेक्षा किंचित कमी ठेवा, पुरता बुडवू नका, आणि इयरफोन नको. झोप उडाली असेल, चिडचिड, उदासी वाढली असेल तर विचार-वर्तन उपचाराचा चांगला उपयोग होतो. त्याने आवाजाची पट्टी उतरत नाही, पण त्याचा छळ कमी होतो हे अभ्यासांत दिसलं आहे. खासगीत एका बैठकीचे हजार ते अडीच हजार लागतात. ते झेपत नसतील तर १४४१६ वर टेली-मानसला फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे आणि मराठीतून बोलता येतं.

राहिलेला कान वाचवायचा खर्च सर्वांत कमी. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास चालतो, पण दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं उरतात. फोमची बुचं दहा ते तीस रुपयांना जोडी, कानावरचे मफ पाचशे ते दीड हजार. इंजिनाजवळच्या माणसासाठी मफ नौकामालकाने घ्यावेत, तो डिझेलसारखाच धंद्याचा खर्च आहे. डेकवर मात्र तांडेलाची, म्हणजे नौका हाकणाऱ्या म्होरक्याची, हाक ऐकू यायला हवी, तिथे मफ नकोत. शिमग्याला ढोलाजवळ नाचणाऱ्यांनीही खिशात बुचं ठेवावीत. बूच बोटांत वळून बारीक करायचं, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर-मागे ओढायची, आत सरकवून फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचं. नुसतं तोंडाशी टेकवलेलं बूच काहीच अडवत नाही.