कुत्र्याच्या त्वचेचा संसर्ग घरातल्यांना होतो काय?

गेल्या पावसाळ्यात आमच्या मोतीच्या पोटावर पुवाच्या बारीक पुळ्या उठल्या. केस गळून गोल चट्टे पडले. शेजाऱ्यांनी सल्ला दिला, "मुलांना लागेल. लांब नेऊन सोडून या." घरात मधुमेही आई आणि शाळकरी मुलगी असल्याने भीती मलाही वाटली. परंतु आधी मोतीला घेऊन पशुवैद्यकीय दवाखाना गाठला. तेथे व पुढील वाचनातून जे समजले, ते सभासद व विद्यार्थी यांच्यासाठी येथे मांडत आहे.

कुत्र्यांतील असा पुवाचा त्वचारोग बहुधा 'स्टॅफिलोकोकस स्यूडइंटरमिडियस' या जिवाणूमुळे होतो. हा जिवाणू बाहेरून आलेला शत्रू नव्हे. निरोगी कुत्र्याच्या त्वचेवर, नाकात व तोंडातही तो असतोच. पिसवा, अ‍ॅलर्जी, खरूज किंवा संप्रेरकांचा बिघाड यांमुळे त्वचा दुबळी झाली की तो बळावतो. म्हणून हा आजार एका कुत्र्याकडून दुसऱ्याला किंवा माणसाला सहसा होत नाही. जिवाणू हाताला लागू शकतो, पण माणसाची त्वचा हे त्याचे नैसर्गिक घर नाही.

मात्र धोका अगदीच नाही असे नाही. उघडी जखम, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, कर्करोगाचे उपचार किंवा अन्य कारणाने क्षीण झालेली प्रतिकारशक्ती असल्यास माणसालाही संसर्ग होऊ शकतो. नेहमीच्या औषधांना दाद न देणारे या जिवाणूचे प्रकारही आता आढळतात.

दुसरी गोष्ट, दिसण्यात साम्य असलेले दोन रोग माणसाला खरोखर लागतात. एक गजकर्ण, जो बुरशीमुळे होतो. दुसरा सूक्ष्म किड्यांमुळे होणारी खरूज. म्हणून नुसत्या डोळ्यांनी ठरवू नये. त्वचेचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावा.

घरी पुढील काळजी पुरेशी ठरते :

१) कुत्र्याला हात लावल्यावर व मलम लावल्यावर साबणाने हात धुवावेत.
२) आपल्या जखमा झाकाव्यात, त्या चाटू देऊ नयेत.
३) त्याचे अंथरूण वेगळे ठेवून गरम पाण्यात धुवावे.
४) औषधी शाम्पू लगेच धुऊन टाकू नये, साधारण दहा मिनिटे अंगावर राहू द्यावा.
५) अँटिबायोटिक गोळ्या डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत द्याव्यात. माणसांचे मलम मनाने लावू नये.
६) घरात कोणाच्या अंगावर पुळ्या किंवा खाज उठल्यास डॉक्टरांना दाखवावे व घरात कुत्रा आहे हे सांगावे.

मोतीच्या दुखण्याचे मूळ पिसवांत निघाले. पिसवांचा बंदोबस्त झाला नसता तर पुळ्या पुन्हा उठल्या असत्या. दुःखाला कारण असते आणि कारण दूर केल्यास दुःख दूर होते, ही तथागतांची शिकवण घरातल्या अशा लहान प्रसंगातही उपयोगी पडते.

पाळलेले जनावर सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पण आपल्यासाठी कायद्याहून मोठे कारण आहे. विनयपिटकातील महावग्गात प्रसंग आहे : अतिसाराने घाणीत पडलेल्या एका भिक्खूकडे कोणी पाहत नव्हते. भगवंतांनी त्याला काय होते आहे हे आधी विचारले आणि मग आनंदाच्या साहाय्याने स्वतः त्याला स्वच्छ केले.

'शिवू नका' हे शब्द आपल्या आजा-पणजांनी कारण नसताना ऐकले. निदान आपण तरी ते कारण तपासल्याशिवाय कोणत्याही जिवाबद्दल उच्चारू नयेत. मोती आता बरा आहे, आणि घरात कोणालाही काही झालेले नाही.