शिकायचं वय, मागायची हिंमत आणि आपल्या तासाची किंमत

(गटाच्या मासिक बैठकीत मोठ्याने वाचण्यासाठी. वाचायला 15 मिनिटं, चर्चेला 15 मिनिटं. सचिवांनीच वाचावं असं नाही. या वेळी अशा ताईंनी वाचावं ज्यांनी आजवर बैठकीत कधी वाचलेलं नाही. अडखळलं तरी चालेल, मध्ये कुणी हसायचं नाही.)



लावणी उरकली, आता गणपतीची गडबड सुरू होईल. चाकरमानी येतील, परत जाताना पिशव्या भरून नेतील. आपल्या गटांसाठी हा विक्रीचा मोठा हंगाम. म्हणूनच या महिन्याचा पाठ ‘स्वतःची प्रगती’ या विषयावर आहे. प्रगती म्हटलं की आपल्याला वाटतं, कुणी मोठ्या स्टेजवर सत्कार घेतंय. पण प्रगती म्हणजे काय, तर काल जे दुसऱ्याकडून करून घ्यावं लागत होतं ते आज स्वतःला येणं. बँकेची स्लिप भरणं हीसुद्धा प्रगतीच.

यासाठी आपल्याच जिल्ह्यातल्या एका बाईंची गोष्ट बघूया.

देवरुखच्या पार्वतीबाई

आपल्या मुरुडचे महर्षी धोंडो केशव कर्वे सगळ्यांना माहीत आहेत. त्यांनी 1893 साली एका विधवा बाईंशी लग्न केलं, त्या आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे. त्या देवरुखच्या. या लग्नामुळे मुरुड गावाने कर्व्यांवर बहिष्कार टाकला होता. बायांची धाकटी बहीण म्हणजे पार्वतीबाई आठवले. जन्म 1870 चा. लहानपणीच लग्न झालं, विशीत नवरा गेला, पदरात एक मुलगा. त्या काळच्या रीतीप्रमाणे केशवपन झालं. पुढचं सगळं आयुष्य माहेरी स्वयंपाकघरात जायचं, हे जणू ठरलेलंच होतं.

पण पंचविशी ओलांडल्यावर पार्वतीबाई पुण्याला बहिणीकडे आल्या आणि शिकायला बसल्या. शिकून शिक्षिका झाल्या. कर्व्यांनी 1896 साली विधवांसाठी संस्था काढली होती, ती पुढे पुण्याजवळ हिंगण्याला गेली. त्या संस्थेच्या कामात पार्वतीबाईंनी स्वतःला वाहून घेतलं. गावोगाव फिरून संस्थेसाठी वर्गणी गोळा केली. इंग्रजी येत नाही, ही अडचण त्यांना जाणवत होती. तेव्हा पंचेचाळिशी उलटून गेल्यावर, 1918 साली, त्या एकट्या अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी भांडी-धुणी अशी कामं करून पोट भरलं आणि इंग्रजी शिकल्या. दोन वर्षांनी परत येऊन पुन्हा संस्थेच्या कामाला लागल्या. 1928 साली त्यांचं ‘माझी कहाणी’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झालं.

आता या गोष्टीतून आपल्या कामाचं काय घ्यायचं ते पाहू.

पहिला धडा : वय आडवं येत नाही, लाज आडवी येते

“आता या वयात काय शिकायचं?” हे वाक्य मी प्रत्येक गावात ऐकते. कधी पन्नाशीच्या काकू म्हणतात, कधी तिशीतली वहिनीसुद्धा म्हणते! खरं तर अडचण वयाची नसते. आपल्यापेक्षा लहान कुणीतरी आपल्याला शिकवणार, याची लाज वाटते. मोबाईलवरून पैसे घ्यायचे नातवाकडून शिका, रजिस्टर लिहायचं सुनेकडून शिका. आठवड्याला एकच गोष्ट, पण ती पुरती शिका. सगळं एकदम धरलं तर हाती काहीच राहत नाही.

दुसरा धडा : नकार हा कामाचाच भाग आहे

वर्गणी मागायला गेलेल्या बाईला नकार किती वेळा मिळाला असेल, विचार करा. आपण मात्र एका दुकानदाराने “नको” म्हटलं की माल घेऊन घरी येतो आणि पुन्हा त्या रस्त्याने जात नाही.

कर्व्यांचंही ऐका. सतरा वर्षांचे असताना ते परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्याला चालत गेले, घाट चढून. तिथे पोचल्यावर “तू वयाने लहान दिसतोस” म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही. आले तसे परत फिरले. पण शिक्षण सोडलं नाही. 1884 साली बी.ए. झाले, पुढे गणिताचे प्राध्यापक झाले.

नकार मिळाला की तीन प्रश्न विचारायचे : माल आवडला नाही का? भाव जास्त वाटला का? की आत्ता गरज नाही? उत्तर वहीत लिहायचं. पॅकिंग नीट नाही असं तीन दुकानदारांनी सांगितलं, तर तो अपमान नाही, फुकट मिळालेला सल्ला आहे.

तिसरा धडा : आपल्या तासाची किंमत लावा

हा सगळ्यात महत्त्वाचा. पार्वतीबाई परदेशात घरकाम करत होत्या तेव्हा त्या कामाचे पैसे मिळत होते. आपण घरी तेच काम करतो, ते हिशेबातच नसतं. घरातलं एक वेळ सोडा, पण विक्रीसाठी केलेल्या कामाचा तरी हिशेब हवा ना?

एक उदाहरण फळ्यावर किंवा वहीत मांडा. आकडे समजण्यासाठी घेतलेत, तुम्ही तुमचे घाला. समजा 10 किलो कुळथाचं पीठ करायचं आहे.

कुळीथ : 1200 रुपये
जळण : 50 रुपये
दळण : 100 रुपये
पिशव्या, लेबल : 150 रुपये
गाडीभाडं : 100 रुपये
एकूण खर्च : 1600 रुपये

निवडून, भाजून, भरडून, पाखडून, दळून पीठ मिळालं 9 किलो. 220 रुपये किलोने विकलं तर आले 1980 रुपये. आपण म्हणतो, 380 रुपये सुटले! पण या कामाला एकूण 12 तास लागले. म्हणजे तासाला जेमतेम 32 रुपये. दुसऱ्याच्या बागेत कामाला जाताना या दराने गेलो असतो का आपण?

आता तासाला 50 रुपये धरा. मजुरी झाली 600, खर्च झाला 2200. भागिले 9, म्हणजे किलोला साधारण 245 रुपये. याच्या खाली विकलं तर आपण आपली मजुरी गिऱ्हाईकाला फुकट देतोय. 260 ला विकलं तरच मजुरी सुटून चार पैसे गटाला राहतात.

“एवढा भाव कोण देणार?” असं लगेच मनात येतं. काही जण नाहीच देणार. पण घरचं, निवडलेलं, भाजलेलं कुळथाचं पीठ मुंबईत सहज मिळत नाही म्हणून तर चाकरमानी ते इथून नेतात. भाव सांगताना खाली बघून, हळू आवाजात सांगू नका. आणि भाव सांगितल्या सांगितल्या स्वतःच “घ्या दहा रुपये कमी” म्हणू नका! आधी त्यांना बोलू द्या.

आमसूल, फणसपोळी, आंबापोळी, काजूगर, सगळ्याचा असाच हिशेब करा. प्रक्रिया करताना काही अडलं तर आपल्या दापोलीतच कृषी विद्यापीठ आहे, 1972 पासून. कोकणच्या फळांवरच तिथे काम चालतं. आपण आंब्याच्या गाडीतून त्या गेटावरून जातो, एकदा गटाने मिळून आतही जाऊया.

चौथा धडा : एकटीने होत नाही

प्रगतीची भाषणं ऐकली की वाटतं, बाईने मनावर घेतलं की झालं. नाही झालं तर तिचीच चूक. हे मला पटत नाही. पहाटे पाचला उठून पाणी भरणारी, दिवसभर शेतात राबणारी ताई रात्री नऊला वही उघडू शकली नाही, तर ती आळशी नाही, दमलेली आहे. पार्वतीबाई शिकू शकल्या कारण त्यांच्या मागे बहिणीचं घर उभं होतं. तसं घर आपल्या प्रत्येकीला मिळालेलं नसतं. म्हणून तर गट आहे.

तेव्हा एकमेकींना विचारा : तू शिकायला गेलीस तर तुझं पोर दोन तास कोण सांभाळेल? आणि घरीही सांगा. प्रशिक्षणाच्या दिवशी भाकरी मुलग्याने थापली तर काही बिघडत नाही. वाकडी झाली तरी पोटात गेल्यावर सारखीच.

आपल्या पंचसूत्रीत नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब आहेत. हे पाचही नियम पैशाला शिस्त लावतात. तीच शिस्त शिकण्याला लावली तर वर्षभरात फरक दिसेल.

चर्चेसाठी प्रश्न

1. बँकेत, पंचायतीत किंवा बाजारात असं कोणतं काम आहे जे तुम्ही आजही दुसऱ्याकडून करून घेता?
2. आपल्या गटात सगळे व्यवहार त्याच दोघी-तिघी करतात का? बाकीच्यांना कधी संधी मिळाली?
3. शेवटचा माल विकला तेव्हा स्वतःची मजुरी धरली होती का?

या महिन्याचं काम

प्रत्येकीने वहीच्या एका पानावर तीन रकाने आखायचे : काय केलं, किती तास लागले, किती पैसे आले. लिहिता येत नसेल त्या ताईंनी तासाला एक रेघ ओढावी, पुढच्या बैठकीत शेजारणीने आकडे भरावेत. बँकेत जाताना सही करणाऱ्या दोघींसोबत कधीच न गेलेली एक ताई न्यायची आणि स्लिप तिच्याकडून भरून घ्यायची.

पुढच्या महिन्यात मी येईन तेव्हा रजिस्टरच्या आधी ही पानं बघणार आहे. गणपतीच्या विक्रीत 245 चं पीठ 220 ला गेलं असेल तर तेही खरं लिहा. खरा आकडा समोर असला तरच पुढचा भाव ठरवता येतो.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, दापोली