आपण इथले कोण?



या वेळच्या अभ्यासासाठी यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातील २८ व २९ हे दोन अध्याय घेतले आहेत. शक्य असेल तर आधी ते घरी मोठ्याने वाचावेत. दोन्ही अध्याय लहान आहेत, पण एकामागून एक वाचले तरच त्यांतला वाद कळतो.

प्रसंग असा आहे. इ. स. पूर्व ५९७ मध्ये नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेम काबीज केले आणि तिथला राजा, दरबारी, सुतार, लोहार अशी ज्यांच्या हाताला काही कसब होते ती माणसे बाबिलोनला नेली. मागे राहिलेल्या लोकांत हनन्या नावाचा एक संदेष्टा होता. त्याने मंदिरात सर्वांसमोर जाहीर केले की, दोन वर्षांत सगळे ठीक होईल, नेलेली माणसे आणि मंदिरातील पात्रे परत येतील. लोकांना हे ऐकायला बरे वाटले असणार. यिर्मयाने मात्र बाबिलोनमधल्या लोकांना पत्र पाठवले, आणि त्यात अगदी उलट सांगितले. घरे बांधा, त्यांत राहा. बागा लावा. मुलामुलींची लग्ने करा. आणि ज्या शहरात तुम्हाला नेऊन ठेवले आहे त्या शहराच्या भल्यासाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याचे भले झाले तर तुमचेही होणार आहे. परत यायला सत्तर वर्षे लागतील, असेही त्याने लिहिले.

ज्या शहराने आपले घरदार उद्ध्वस्त केले त्याच्यासाठी प्रार्थना करायची, हे त्या लोकांना किती जड गेले असेल! मूळ हिब्रू भाषेत इथे 'शालोम' हा शब्द आहे. त्याचा अर्थ केवळ भांडण नसणे एवढा नाही. शांती, सुख, आरोग्य, क्षेम हे सगळे त्यात येते. मराठीत त्याला जवळचा शब्द 'कल्याण'. आपल्या शेजारच्या शहराचे नावच ते असल्यामुळे तो लक्षात ठेवायला सोपा आहे.

आता हनन्याच्या दोन वर्षांकडे येऊ. ही दोन वर्षे आपल्या धर्मग्रामात मला वारंवार भेटतात. आपल्यातील बरीच कुटुंबे गोवा, मंगळूर, वसई, केरळ, तामिळनाडू इथून मुंबईत आली आणि मुंबईत जागा परवडेना म्हणून डोंबिवली, कल्याण, ठाण्याला आली. पहाटेची लोकल, रात्री परत, रविवारी मिस्सा, मे महिन्यात गाव. घरभेटीला गेलो की अजूनही ऐकू येते, "फादर, इथे काय, चार दिवस. गावी घर बांधायला घेतलंय." असे म्हणणाऱ्यांच्या मुलांचे बाप्तिस्मे इथे झाले, दृढीकरण इथे झाले, लग्नेही इथेच झाली. तीस वर्षे झाली तरी मनातली ट्रंक उघडलेली नाही. अशा माणसाला समोरच्या दारातली व्यक्ती ठाऊक नसते, प्रभागातील नगरसेवक ठाऊक नसतो, आणि कचरा कुठे जातो हा प्रश्न तर कधीच पडत नाही. तो वाईट माणूस नाही. तो फक्त हनन्याचे ऐकून बसला आहे.

काहींच्या मनात आणखी एक गोष्ट असते. आपण संख्येने थोडे, शिवाय ख्रिस्ती, म्हणजे या भागात आपण पाहुणेच. इतिहास तसे सांगत नाही. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या कोस्मास नावाच्या व्यापाऱ्याने 'कल्लियाना' या बंदरात ख्रिस्ती लोक आहेत व त्यांचा बिशप पर्शियातून नेमून येतो असे लिहून ठेवले आहे. हे कल्लियाना म्हणजे आपले कल्याण, असे बरेच अभ्यासक मानतात. १३२१ मध्ये तोलेन्तिनोचे थॉमस व त्यांचे तीन सोबती ठाण्यात हुतात्मा झाले, तेव्हा ते तिथल्याच एका ख्रिस्ती कुटुंबाच्या घरी उतरले होते. म्हणजे सातशे वर्षांपूर्वी ठाण्यात ख्रिस्ती घर होते, आणि त्या घराचे दार परक्या प्रवाशांसाठी उघडले होते. तेव्हा पाहुणेपणाची सबब आपल्याला फारशी उपयोगी पडणार नाही.

मग करायचे काय? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचे मैत्रीविषयीचे विवेचन वाचावे लागते. तिथे तो एका जुन्या म्हणीचा आधार घेतो: एकत्र बसून पुरेसे मीठ खाल्ल्याशिवाय माणसे एकमेकांना ओळखत नाहीत. मीठ चिमूटभरच लागते, तेव्हा पुरेसे मीठ खायला किती जेवणे व्हावी लागतील याचा विचार करा. आपल्याकडे नाताळात कुसवाराचे ताट शेजारी जाते, दिवाळीत फराळाचे ताट येते, आणि वाटी रिकामी परत पाठवायची नाही ही रीत सगळेच पाळतात. हे छानच आहे. पण वर्षातून दोन ताटांत मीठ ते किती?

मीठ वाढवण्याची सर्वांत जवळची जागा म्हणजे आपली हाउसिंग सोसायटी. सहकार कायद्यानुसार दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा व्हावी लागते. आदर्श उपविधींनुसार तिची गणपूर्ती म्हणजे दोन तृतीयांश सभासद किंवा वीस सभासद, यांतली जी संख्या कमी असेल ती. तेवढेही जमत नाहीत, म्हणून सभा अर्धा तास तहकूब होते. सूचनेत आधीच तसे छापलेले असले तर अर्ध्या तासाने जे हजर असतील त्यांच्यावर ती चालवता येते. म्हणजे साठ घरांचे निर्णय सात-आठ जण घेतात. ही सभा बहुधा रविवारी सकाळी असते आणि आपले लोक म्हणतात, "फादर, मिस्सा असते ना!" शनिवार संध्याकाळच्या मिस्साने रविवारचे कर्तव्य पूर्ण होते, हे आपण विसरू नये. त्या एका रविवारी शनिवारची मिस्सा घ्यावी आणि सकाळी सभेला जाऊन बसावे. मागच्या सभेचे इतिवृत्त ऐकावे, हिशेब पाहावा. चिटणीसपद कोणालाच नको असते, कारण त्यात पैसा नाही आणि बोलणी मात्र फुकट मिळतात. कोणी घेत नसेल तर एखाद्या वर्षी घ्यावे.

या सभेचे महत्त्व मी उगाच वाढवत नाही. घरकाम करणाऱ्या बाईंनी लिफ्ट वापरावी की नाही, वॉचमनला स्वच्छतागृह आहे की नाही, हे तिथे ठरते. अमुक धर्माच्या, अमुक जातीच्या, अमुक खाणाऱ्या माणसाला भाड्याने जागा देऊ नये, हेही काही इमारतींत तिथेच ठरते, कधी कागदावर तर कधी नुसते कुजबुजून. जागा शोधताना आडनाव ऐकून दार बंद झाल्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. म्हणूनच तोच नियम दुसऱ्याला, एखाद्या मुसलमान कुटुंबाला किंवा एकट्या राहणाऱ्या मुलीला लागू होत असताना गप्प बसणे आपल्याला शोभत नाही. आठ जणांच्या सभेत "मला हे मान्य नाही, तसे इतिवृत्तात लिहा" एवढे शांतपणे म्हणणारा एक माणूससुद्धा पुष्कळ असतो. तिथे ख्रिस्ताचे नाव घ्यायचीही गरज नाही.

दुसरी गोष्ट कचऱ्याची. कल्याणच्या आधारवाडीचा कचऱ्याचा डोंगर सगळ्यांनी पाहिला आहे. त्याला लागणाऱ्या आगी आणि आसपासच्या घरांत शिरणारा धूर अनेक वर्षे बातम्यांचा विषय होता. २०२१ मध्ये तिथे कचरा टाकणे बंद झाले, त्याच्या आदल्या वर्षी पालिकेने ओला-सुका कचरा वेगळा घेण्याची सक्ती सुरू केली होती. ओला आणि सुका एकत्र केला की दोन्ही वाया जातात, ओल्याचे खत होत नाही आणि सुका कोणी विकत घेत नाही. पण मला त्यातली माणसाची बाजू सांगायची आहे. आपण बांधून ठेवलेली पिशवी पुढे कोणीतरी हाताने उघडतो. फुटलेला ग्लास जाड कागदात गुंडाळून वर 'काच' असे लिहावे. सॅनिटरी पॅड आणि डायपर वेगळे गुंडाळून वर लाल खूण करावी. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत बंद कराव्यात. दोन मिनिटांचे काम आहे. आणि रोज सकाळी गाडीबरोबर येणाऱ्या माणसाला नावाने हाक मारावी. 'कचरेवाला' हे त्याचे नाव नाही. कचरा करणारे तर आपण आहोत.

लोकलबद्दल तुम्हाला मी काय सांगावे? ९ जून २०२५ रोजी दिवा-मुंब्रा दरम्यान गर्दीच्या गाडीच्या दारातून प्रवासी खाली पडले आणि काहींचा जीव गेला, हे आपण विसरलेलो नाही. गाड्या वाढवणे आपल्या हातात नाही. पाठीवरची बॅग पुढे घेणे, दारातल्या माणसाला आत सरकायला जागा करून देणे, कोणाला भोवळ आली तर १३९ वर कळवून पुढच्या स्टेशनवर त्याच्याबरोबर उतरणे, हे हातात आहे. लेटमार्क लागेल हे खरे. रस्त्यावरील अपघाताविषयी एक माहिती मात्र सर्वांना असावी. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले आहे. जखमीला निःस्वार्थपणे मदत करणाऱ्यावर त्याबद्दल खटला होऊ शकत नाही, आणि त्याने आपले नाव-पत्ता सांगावा अशी जबरदस्तीही करता येत नाही. कायद्याने अशा माणसाला दिलेले नाव आहे 'गुड समॅरिटन', म्हणजे लूकच्या शुभवर्तमानातील दहाव्या अध्यायातला आपला दयाळू शोमरोनी! देशाच्या कायद्याने प्रभू येशूच्या दाखल्यातले नाव घेतले आहे. पोलिसांच्या भीतीने आपण बाजूने निघून जावे, ही सबब आता उरलेली नाही.

मतदानाबद्दल थोडक्यात. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत कल्याण मतदारसंघात जेमतेम निम्म्या मतदारांनी मत दिले. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, आणि पुढची निवडणूक व्हायला जानेवारी २०२६ उजाडावा लागला. पाच वर्षे प्रशासकाकडेच जावे लागत होते, आता दाराशी यायला हवीत अशी माणसे आहेत. एका प्रभागात तीन-चार नगरसेवक आहेत, निदान एकाचा तरी फोन नंबर घरात लिहिलेला असावा. तक्रार लेखी द्यावी, पोच घ्यावी. जागा बदलली असेल त्यांनी मतदारयादीतला पत्ता नमुना ८ भरून बदलून घ्यावा.

सणांविषयी मला बऱ्याचदा विचारले जाते. गुढीपाडव्याच्या नववर्ष स्वागत यात्रेची प्रथा १९९९ मध्ये डोंबिवलीतून सुरू झाली आणि राज्यभर गेली. त्या दिवशी रस्त्यावर पाणी वाटायला उभे राहिले तर चालेल का? चालेल. तहानलेल्याला पाणी देणे ही पूजा नव्हे, ते तर आपल्या प्रभूने शेवटच्या न्यायाच्या दाखल्यात मोजून ठेवलेले काम आहे. आपली श्रद्धा काय आहे हे आपल्याला स्पष्ट असले की दुसऱ्याच्या आनंदात उभे राहायला भीती वाटत नाही. ज्यांना ती अस्पष्ट आहे त्यांनी आधी अभ्यासवर्गाला यावे, हे मी हसत हसत पण मनापासून सांगतो.

शेवटी, मला सर्वांत निकडीची वाटते ती गोष्ट. २६ जुलै २००५ च्या महापुरात या भागात माणसे माणसांना धावून गेली. संकटात आपण कमी पडत नाही. पण धावून जायला कोणाकडे जायचे ते ठाऊक असावे लागते. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ रोजी आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी कारखान्यांत भीषण स्फोट झाले, माणसे मेली, दूरदूरच्या घरांच्या काचा फुटल्या. असा दिवस पुन्हा आला आणि इमारत पाच मिनिटांत रिकामी करा अशी हाक आली, तर तिसऱ्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेल्या आजींना खाली कोण आणणार? त्यांची मुले पुण्याला किंवा दुबईला आहेत. त्यांना आणणारा तोच, ज्याला त्या तिथे आहेत हे माहीत आहे. आजाऱ्यांना कम्युनियन नेताना आपले सेवक आपल्या घरांची दारे ओळखतात. त्याच मजल्यावरच्या बाकीच्या दारांचे काय?

तेव्हा या महिन्याच्या समूहसभेत यिर्मया २९:१-१४ वाचावे आणि त्यानंतर प्रत्येकाने एक कागद घ्यावा. आपल्या मजल्यावरील प्रत्येक घराची तीन उत्तरे त्यावर लिहावीत: घरात राहतात त्यांची नावे काय, एकटे किंवा आजारी कोण आहे, आणि रात्री-अपरात्री कळवायचे झाले तर कोणाला फोन करायचा. जे रकाने कोरे राहतील ते पुढच्या सभेपर्यंत दार वाजवून, बसून, चहा घेऊन भरावेत. कागद मला आणून देऊ नयेत. ही शेजाऱ्यांची खासगी माहिती आहे, ती आपापल्या घरीच, फोनजवळ ठेवावी.

आपला,
धर्मगुरू