संकल्प आपला, सिद्धी ईश्वराची

रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यात, पाताळगंगा नदीच्या परिसरात आपटा हे गाव वसले आहे. विजयादशमीस ज्याची पाने सोने म्हणून वाटली जातात, त्या वृक्षाचे नावही आपटाच. संस्कृतात यास अश्मंतक म्हणतात. या पानांशी निगडित असलेली रघुराजाची कथा, भविष्याची योजना आखताना ईश्वरावर भरवसा कसा ठेवावा, याचा उत्तम पाठ देते.

महाकवी कालिदासाच्या 'रघुवंश' महाकाव्यातील पाचव्या सर्गात ही कथा आली आहे. वरतंतू ऋषींचा शिष्य कौत्स याला गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी सुवर्णमुद्रा हव्या होत्या. तो रघुराजाकडे आला. परंतु विश्वजित यज्ञात राजाने सर्वस्व दान केले होते. अतिथीस अर्घ्य देण्यासही मातीचेच पात्र उरले होते. तरीही राजाने याचकास विन्मुख पाठविले नाही. दोन-तीन दिवस थांबण्याची त्यास विनंती केली, कुबेराकडून धन मिळविण्याचा निश्चय केला आणि त्या रात्री तो शस्त्रसज्ज रथातच निजला. प्रातःकाळी निघण्यापूर्वीच कोषागारात सुवर्णवृष्टी झाल्याची वार्ता आली. लोकपरंपरेत ही वृष्टी आपट्याच्या वृक्षांवर झाली असे सांगतात.

येथे दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. सोने आकाशातून आले खरे. परंतु ते आले तेव्हा राजा हातपाय गाळून बसला नव्हता, प्रस्थानाची सर्व सिद्धता करून रथात होता. दुसरे असे की, राजा सर्व धन देऊ करीत असताही कौत्साने चौदा कोटींहून अधिक घेतले नाही. किती हवे, हे आधीच निश्चित होते.

श्रीमद्भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, साधने, विविध प्रयत्न आणि पाचवे दैव. दैवाचे स्थान मान्य करूनही भगवंतांनी उर्वरित चार कारणे वगळलेली नाहीत. कोकणातील भातशेतकरी हेच आचरणात आणतो. पाऊस त्याच्या हाती नाही. परंतु ज्याने वेळेवर राब भाजला नाही, रोपे तयार केली नाहीत, त्याच्या शेतात पाऊस पडूनही भात पिकत नाही.

मात्र सर्व सिद्धता करूनही योजना मोडते, तेव्हा श्रद्धेची खरी परीक्षा होते. पंढरीच्या आषाढी वारीचे मुक्काम, रिंगणे, दिंड्यांचे क्रम हे सारे आधीच ठरलेले असते. सन 2020 मध्ये करोनाच्या साथीमुळे पायी वारी होऊ शकली नाही. दि. 30 जून 2020 रोजी संतांच्या पादुका एस. टी. बसने पंढरपुरास नेण्यात आल्या आणि दि. 1 जुलै रोजीची एकादशी लक्षावधी वारकऱ्यांनी आपापल्या घरीच केली. 2021 सालीही पादुका बसनेच गेल्या. 2022 साली वाट पुन्हा पावलांनी फुलली. मार्ग खुंटला तरी नेम खुंटला नाही. ईश्वरावरील भरवसा म्हणजे आपल्याच योजनेप्रमाणे सर्व घडेल अशी खात्री नव्हे. न घडले तरी आपले कर्तव्य न सोडण्याचे बळ, तो भरवसा होय.

आपल्या पूजाविधीतही हीच शिकवण आहे. प्रारंभीच्या संकल्पात स्थळ, काळ, तिथी, कर्त्याचे नाव-गोत्र आणि हेतू यांचा स्पष्ट उच्चार होतो. अखेरीस केलेले कर्म ईश्वरास अर्पण करून उदक सोडले जाते. मुलांचे शिक्षण, कन्येचा विवाह, घरबांधणी, वार्धक्याची तरतूद अथवा दानधर्म, कोणतेही कार्य योजताना भाविकांनी हाच क्रम ठेवावा. हेतू व गरज स्पष्ट असावी, यथाशक्ती तयारी करावी, जाणत्यांचा सल्ला घ्यावा आणि फळाची चिंता देवाच्या चरणी ठेवावी. नवस बोलून प्रयत्न टाळू नये. प्रयत्नाच्या अभिमानाने देवासही विसरू नये.

आपट्याच्या पानाची दोन दले देठाशी एकच असतात. प्रयत्न आणि श्रद्धा यांचे नातेही तसेच आहे.